उंदराला पाव फेरा देता येत नाही

अण्णा, आधी उंदराचं सांगून टाकतो. उंदीर नव्हता.

पंधरा वर्षं मी त्या उंदराला खाऊ घातलं. टपरीवर, लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या थांब्यावर, आणि कहर म्हणजे तुमच्या निवृत्तीच्या समारंभात माइक हातात घेऊन. दर वर्षी तो थोडा मोठा झाला. आधी साधा उंदीर होता, मग घूस झाली, मग तिला मिशा आल्या, एकदा तर मी तिला लंगडायलाही लावलं. लोक पोट धरून हसायचे. तुम्हीही हसायचात, चष्मा काढून डोळे पुसायचात आणि मग न चुकता म्हणायचात, "दिगू, गोष्ट झकास आहे. शेवट तेवढा जमत नाही तुला."

काय जमत नाही, असं मी दर वेळी विचारायचो. "बघ, सुचेल," म्हणायचात आणि विषय बदलायचात.

काल शहापूरला नदीवर तुमचा दहावा झाला. पिंड ठेवला तेव्हा मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मला खात्री होती की कावळा अडणार. तो तासभर झाडावर बसून राहणार, तुमचे भाऊ हात जोडून कसलीकसली वचनं देणार, आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबणार. मी मनात वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. पण कावळा आला आणि भटजींचं बोलणं संपायच्या आत भात घेऊन गेला. म्हणजे तुमचं काही माझ्याकडे अडकलं नव्हतं. माझंच तुमच्याकडे अडकून राहिलंय. ते आता लिहून काढतो. तुम्ही मध्ये थांबवणार नाही हे ठाऊक आहे. तशीही तुम्हाला ती सवय नव्हती.

तुमच्या डब्यापासून सुरुवात करावी लागेल. डबा म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. "कंट्रोलर," असं तुम्ही तीन वेळा दुरुस्त करायचात आणि चौथ्या वेळी सोडून द्यायचात. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला आपला कारखाना सलाइनच्या बाटल्या भरायचा. खरा मोठा कॉम्प्युटर, ज्याला तुम्ही होस्ट म्हणायचात, तो मुंबईच्या हेड ऑफिसात होता आणि आपल्यापैकी कोणी तो कधी पाहिला नव्हता. आपल्याकडे टेलिफोनच्या एका तारेच्या टोकाला हा कंट्रोलर: कपाटाच्या निम्म्या उंचीचा, करडा, दिवसभर पंख्याचा एकसुरी आवाज करणारा. त्याच्या पाठीत आठ भोकं, आणि त्यांतून निघालेल्या काळ्या केबली भिंतीवरून, पत्र्यावरून लॅबला, गोडाऊनला, ऑफिसला आणि गेटवरच्या प्रिंटरला गेलेल्या. पहिल्याच दिवशी मी "भोकं" म्हणालो आणि तुम्ही मला खोलीबाहेर उभं केलंत. "पोर्ट म्हण, मग आत ये."

मी गोडाऊनचा सुपरवायझर, तुम्ही मेंटेनन्सचे. माझं तुमच्या खोलीत काही काम नव्हतं. पण अख्ख्या कारखान्यात एसी फक्त तुमच्या डब्याला होता, म्हणून मी पाण्याची बाटली गार करायला यायचो आणि तुम्ही मला शिकवून सोडायचात. एकदा तुम्ही पाठचं झाकण काढून आतल्या सर्किटच्या पाट्या दाखवल्यात. ही पाटी मुंबईच्या तारेशी बोलते, ही टर्मिनलांशी, म्हणजे आमच्या टेबलावरच्या पडदा-कळफलकांशी, आणि ही लक्षात ठेवते. मी विचारलं, टर्मिनल स्वतः काय लक्षात ठेवतं? तुम्ही म्हणालात, काही नाही. "तू 'ए' दाबलास की तो केबलीतून इथे येतो. इथून परत जातो, तेव्हा तुझ्या पडद्यावर उमटतो. तुला वाटतं तू गोडाऊनमध्ये बसून लिहितोयस. तू इथे लिहितोस." आणि प्रिंटर तर त्याहून मठ्ठ. होस्ट एका दमात अख्खं पान पाठवायचा, प्रिंटर ओळ ओळ रखडत छापायचा, आणि तोवर ते पान डबा धरून उभा राहायचा. तुम्हाला त्याचा फार अभिमान होता. एवढं कोणी कोणासाठी थांबत नाही, म्हणायचात.

आपला मोठा वाद डब्याच्या विचारण्यावरून. डबा सगळ्या टर्मिनलांना पाळीपाळीने विचारत असतो, एक, तुला काही बोलायचंय? दोन, तुला? तीन, तुला? आणि विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. मला हे अजिबात पटलं नव्हतं. ज्याला बोलायचंय त्याने हाक मारावी, एवढं सोपं असताना हा उद्योग कशाला? तुम्ही म्हणालात, पंगतीत वाढपी असतो तसं हे. तो ओळीने जातो, भात, भात, भात. मी म्हटलं, अण्णा, पंगतीत भूक लागलेला माणूस ओरडून भात मागतोच. तुम्ही म्हणालात, "तुझ्यासारखा ओरडतो. टोकाला एखादी पोर बसलेली असते, तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. तिच्यासाठी वाढपी लागतो."

हा वाद आपण सात-आठ वर्षं घातला. मी जिंकलो असं मला वाटायचं, कारण माझा आवाज मोठा होता.

टोकाला बसलेली पोर कोण हे तुम्ही बोलला नव्हतात, पण मला कळलं होतं. हिरा. डोंगराखालच्या वाडीतली, आश्रमशाळेत बारावी झालेली. लॅबच्या टर्मिनलवर तिला बसवलं तेव्हा ती इतकी हळू बोलायची की जवळ कान न्यावा लागे. वाडीतली ती पहिलीच, जिच्या हातात कोयता-विळा नव्हता, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र होतं. तिच्या मागे वाडीतल्या आणखी दोन मुलींचे अर्ज ऑफिसात पडून होते. हिचं कसं जमतंय ते बघू, मग त्यांचं ठरवू, असं ऑफिसने सांगून ठेवलं होतं. हिरा ते विसरत नसे. टर्मिनलसमोर बसायच्या आधी ती हात धुवायची.

आता माझा गुन्हा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात, पौष पौर्णिमा, म्हणजे जवळच्या म्हसा गावची, म्हशाची जत्रा. दुपारी दोन वाजता गेटबाहेर जीप उभी होती, तिच्यात माझे सहा मित्र, आणि ते हॉर्न वाजवत होते. मला बैलबाजार बघायचा होता, घोंगडी घ्यायची होती, आणि खरं म्हणजे मौत का कुआँच्या कठड्यावरून खाली वाकून लोकांना घाबरवायचं होतं. मधे फक्त एक ट्रक होता. नाशिकच्या डेपोला जाणारा. त्याच्या मालाचे लॉट नंबर टाकायचे, गेटवरच्या प्रिंटरवर स्लिप निघाली की माल चढवायचा आणि पळायचं.

आणि माझं टर्मिनल मेलं. माझा सहा नंबरचा पोर्ट अधूनमधून झोपायचा, हे तुम्हाला ठाऊकच होतं. तुम्ही शहापूरला टेलिफोनवाल्यांकडे तारेची तक्रार घेऊन गेला होतात, संध्याकाळी येणार होतात. जीपचा हॉर्न थांबेना. तुमच्या खोलीची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला असायची. मी आत गेलो. सहाची केबल काढली. तीनची केबल काढली. सहाची केबल तीनमध्ये बसवली. दाबायचं, पाव फेरा द्यायचा, खट्ट. गोडाऊनमध्ये परत आलो तर पडदा लख्ख.

त्या वेळची आपली कामाची रीत काय होती ते आज सांगायलाही लाज वाटते. मशीन यायच्या आधी लॅबने अडवलेल्या लॉटवर लाल कागद चिकटवायचे. मशीन आलं आणि कागद बंद झाला. लॅब अडवलेला लॉट मशीनला सांगायची, आणि आम्ही गोडाऊनवाले रांगेत उभे असलेले सगळे नंबर न बघता टाकायचो. अडवलेला असला तर मशीन "थांबा" म्हणेल, मग तो बाजूला काढायचा. सगळेच असं करायचे. मशीन अडवेलच. पासवर्डही सगळ्यांचा एकच, भिंतीवर खडूने लिहिलेला.

त्या दुपारी रांगेत एक अडवलेला लॉट होता. त्यातली बाटली उजेडासमोर धरली की आत धाग्यासारखं काहीतरी तरंगायचं. मी नेहमीसारखा त्याचा नंबर टाकला. माझ्या पोर्टातून गेला असता तर होस्टने अडवला असता. तो गेला तीनमधून, आणि तीन म्हणजे लॅब. रोज सकाळी तुम्ही डब्यात जी फ्लॉपी, म्हणजे सूचनांची चकती, घालायचात तिच्यावर तसंच लिहिलेलं होतं. लॅबच्या जागेवरून आलेला नंबर म्हणजे लॅबची मंजुरी. मशीन काही बोललं नाही. गेटवर प्रिंटर किरकिरला, स्लिप निघाली, कोपऱ्यात छापलेलं: टी ०३. माल चढला. मी जीपमध्ये चढलो. केबल तशीच राहिली.

मी त्या दिवशी जत्रेत तीन तास गोष्टी सांगितल्या, अण्णा. लोकांनी मला भजी चारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली ती केबल आठवूनच. सातच्या आत मी तुमच्या खोलीत होतो. केबली होत्या तशा केल्या. कोणी पाहिलं नाही. घाम पुसून बाहेर आलो तर लॅबच्या मोठ्या बाई गोडाऊनच्या दारात उभ्या. अडवलेल्या लॉटची जागा रिकामी होती.

तेव्हा मला प्रथम कळलं की मी काय केलंय.

नाशिकला फोन लावला. ट्रक पोचलेला नव्हता. कुठे आहे कोणाला ठाऊक नव्हतं. मोबाइल हा शब्दही तेव्हा आपल्याकडे आला नव्हता. ट्रक वाटेत कुठे दुसरीकडे माल उतरवून गेला असला तर? एखाद्या दवाखान्यात ती बाटली टांगली गेली असली तर? मोठ्या बाई खुर्चीत बसून राहिल्या. तुम्ही फक्त ड्रायव्हरचं गाव विचारलंत. किन्हवली. तुम्ही स्कूटरला किक मारलीत आणि मला म्हणालात, "बस मागे. माल तू ओळखशील."

मुरबाडहून सरळगाव, सरळगावहून किन्हवली. त्या रस्त्यावर तेव्हा डांबरापेक्षा खड्डे जास्त. समोरून येणारा प्रत्येक ट्रक आपलाच वाटायचा आणि जवळ आला की वाळूचा निघायचा. माझं तोंड तुमच्या कानापासून वीतभर लांब होतं. एवढं जवळ मी पुन्हा कधी बसलो नाही. सांगायचं म्हटलं तर एकच वाक्य होतं. अण्णा, केबल मी बदलली. मी ते जुळवायचो आणि पुढचा खड्डा यायचा. सरळगावच्या नाक्यावर तुम्ही गाडी हळू केलीत, मान थोडी मागे वळवलीत. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही म्हणालात, "घट्ट धर."

ट्रक किन्हवलीत ड्रायव्हरच्या घरापुढे चिंचेखाली उभा होता, ताडपत्रीची एक गाठही सुटलेली नव्हती. ड्रायव्हरची बायको अंगण झाडत होती. तुम्ही विचारलंत, कुठाय तुमचा माणूस? ती म्हणाली, "म्हशाला गेलेत कालधरनं. बैल बघायचाय बोललेत." एवढं म्हणून ती परत झाडायला लागली. आपण ताडपत्री वर केली. मी नंबर वाचले, एकेक खोका मोजला. पुरे होते. तुम्ही ट्रकच्या चाकाशी टेकून खाली बसलात आणि बराच वेळ उठला नाहीत.

माझ्या चुकीमुळे जे होणार होतं ते त्या ड्रायव्हरच्या चुकीमुळे टळलं. दोघांची चूक एकच, म्हशाची जत्रा. हा भाग मी गोष्टीत नेहमी सांगितला, आणि इथे टाळ्या हमखास पडायच्या.

टाळ्यांच्या नंतरचा भाग मी बदलला.

तिसऱ्या दिवशी मुंबईचे साहेब आले. तुमच्याच खोलीबाहेर टेबल टाकलं. साहेबांच्या हातात ती स्लिप होती आणि ते कोपऱ्यावर बोट आपटत होते. टी ०३ म्हणजे कोण? लॅब. लॅबच्या टर्मिनलवर कोण? हिरा. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, तू माल का चढवलास? मी म्हटलं, स्लिप आली, चढवला. तेवढ्यावर माझी सुटका झाली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, हात पाठीमागे.

हिराला पुढे बोलावलं. साहेबांनी विचारलं, तू मंजुरी दिलीस? ती म्हणाली, "नाय." मग हे काय आहे? तिने स्लिप वाकून वाचली. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती जे बोलली ते कोणाला ऐकू गेलं नाही. तुम्ही म्हणालात, "हिरा, परत सांग. मोठ्यानं नको, फक्त परत सांग."

"माझा पडदा काळा झालता सायेब. दुपारच्याला. मी कळा दाबल्या, काय उमटंना."

साहेब हसले. पडदा बंद होता म्हणते, आणि स्लिप हिच्याच टर्मिनलवरून निघते. चूक कबूल करायची नाही वर खोटं बोलायचं. असे लोक घेतले की हेच होणार, असं ते ऑफिसच्या माणसाला म्हणाले, आणि ते दोन अर्ज टेबलावरच होते, त्यांच्यावर त्यांनी स्लिप उपडी ठेवली. हिराने ते पाहिलं. ती रडली नाही. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढायला सुरुवात केली.

मी तोंड उघडलं होतं, अण्णा. शपथेवर सांगतो. शब्द घशापर्यंत आला होता.

तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "साहेब, दोन मिनिटं गोडाऊनच्या टर्मिनलवर बसता का? तुमचं नाव टाइप करा आणि छापायला सांगा." साहेब वैतागले, पण उठले. तुम्ही आत गेलात. बाहेर आम्हाला फक्त आवाज आला. खट्ट. खट्ट. साहेब गोडाऊनमध्ये टाइप करून परत आले. गेटवर प्रिंटर किरकिरला. वॉचमन कागद घेऊन आला आणि तुम्ही तो साहेबांच्या हातात न देता हिराच्या हातात दिलात. "वाच."

तिने वाचलं. साहेबांचं नाव, आणि कोपऱ्यात टी ०३.

"डब्याला माणूस दिसत नाही," तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडून 'डबा' शब्द मी तेव्हा एकदाच ऐकला. "त्याला पोर्ट दिसतो. तीन नंबरमध्ये ज्याची केबल, तो त्याच्यासाठी लॅब. आता तुम्ही लॅब होता. आणि आत्ता तिचा पडदा बघून या, काळा असेल."

लॅबच्या मोठ्या बाई बघून आल्या. काळा होता.

मग साहेबांनी तो प्रश्न विचारला, जो विचारला जाणारच होता. म्हणजे परवा केबल कोणी बदलली?

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. एवढं मात्र खरं, की भिंतीशी उभ्या असलेल्या बाकी सगळ्यांकडे एकेक करून बघितलंत. "ते मशीन सांगू शकत नाही," म्हणालात. "खोली माझ्या ताब्यात आहे. किल्ली माझ्या खिशात हवी होती, ती खिळ्याला होती. तेवढं माझ्या नावावर लिहा."

आणि मग मी बोललो. भिंतीपाशी उभा असलेला मी, शब्द घशापर्यंत आलेला मी, काय बोललो? "साहेब, उंदीर असंल. खोलीत लई उंदीर झालेत." पहिल्यांदा वॉचमन हसला. मग ऑफिसचा माणूस. मग साहेबही. तिथला सगळा ताण त्या हसण्यात वाहून गेला आणि चौकशी संपली. हिराने ओळखपत्र परत गळ्यात अडकवलं. तुमच्या फाइलीत किल्लीबद्दलचं ताकीदपत्र लागलं आणि तुमचं प्रमोशन दोन वर्षं पुढे गेलं. त्या दोन मुली पुढच्या महिन्यात कामावर आल्या.

आणि मला एक गोष्ट मिळाली. तिने मला गावभर नाव दिलं. जितकी ती रंगली तितका मागे फिरायचा रस्ता बुजत गेला. आधी भीतीने गप्प होतो. नंतर नंतर, खरं सांगू का, गोष्ट इतकी छान झाली होती की मोडवेना.

एकदा तुम्ही मला दार उघडून दिलंत. दोन हजारनंतर कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले, प्रत्येकाला स्वतःचं डोकं असलेले, आणि डबा भंगारात निघाला. तो काढायला आपण दोघेच होतो. तुम्ही एकेक केबल सोडवत होतात आणि दर वेळी हळूच जागेचं नाव घेत होतात, ऑफिस, बाटल्यांची भरणी. तीनपाशी थांबलात. बाजूला सरकून मला म्हणालात, "ही तू काढ."

मी दाबलं, पाव फेरा दिला, केबल हातात आली. माझा हात किती सराईत आहे ते आपण दोघांनी पाहिलं.

"उंदराला हे जमत नाही, दिगू," तुम्ही म्हणालात. "पाव फेरा द्यावा लागतो."

खोलीत पंखा बंद झालेला होता. तेवढी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. मी म्हटलं, "आपला उंदीर शिकलेला होता, अण्णा. आयटीआय झालेला." तुम्ही हसलात. मनापासून हसलात, हीच तुमची खोड. मग खाली वाकून चौथ्या केबलीला हात घातलात.

तर काल. दहावा आटोपला, लोक पांगले. हिरा आली होती. तुम्ही गेलात ते कळल्यावर ती दोनदा तुमच्या घरी येऊन गेली म्हणे. आता ती लॅबची इन्चार्ज आहे, हाताखाली सहा मुली, चष्मा लागलाय, आणि अजून हळूच बोलते, फक्त आता लोक कान जवळ नेतात. घाटाच्या पायरीवर ती चपला घालत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि वर्षानुवर्षं जुळवलेलं वाक्य बोललो. त्यात एकही मिशी नव्हती, शेपूट नव्हती. "हिरा, ती केबल मी बदलली होती. तुझी नोकरी माझ्यापायी जाणार होती."

तिने चपलेचा पट्टा लावला. मग वर बघितलं.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "सायेबांनी तवाच सांगितलेलं."

सायेब म्हणजे तुम्ही, ती तुम्हाला तसंच म्हणते. मी तिथेच पायरीवर बसलो. तुम्हाला कसं कळलं, हे मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं. "सायेब बोलले, दिगंबर स्कूटरवर मुरबाडपासून किन्हवलीपर्यंत एक शब्द नाय बोलला. दिगंबर. तवाच समजलो, बोलले."

तिच्या चेहऱ्यावर मला राग शोधायचा होता. तो असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, पंधरा वर्षं तू समोर बसून ती उंदराची गोष्ट ऐकत होतीस. कधी बोलली नाहीस?

"सायेब बोललेले, त्याला इचारू नको. त्याचा तो सांगल."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर ऐकत बसले असते," ती म्हणाली. "उंदीर बरा करता तुमी." मग तिने पदर खोचला आणि पुढे म्हणाली, की लॅबच्या मुली या पौर्णिमेला म्हशाला जायचं म्हणतात, जीप सांगितली आहे. "तुमी पन चला. त्या पोरींना उंदीरच माहीत हाय. आता खरी सांगा. मी बसते तिथंच."

मी येतो म्हणालोय, अण्णा. भीती वाटतेय. या गोष्टीला लोक हसतील की नाही मला माहीत नाही, आणि लोक हसणार नाहीत अशी गोष्ट मी आजवर कधी सांगितलेली नाही.

आपला वाद मात्र अजून मिटलेला नाही. काल रात्रभर मी तुमच्याशी भांडत होतो. तुमचा डबा तर सगळ्यांना विचारायचा ना? पाळीपाळीने, कोणाला न वगळता? पंगतीत टोकाला बसलेल्या पोरीलासुद्धा तुम्ही विचारलंत, भर चौकशीत, परत सांग म्हणून. मग माझ्यापाशी येऊन वाढपी पुढे का गेला? सरळगावच्या नाक्यावर मान वळवलीत तेव्हा का विचारलं नाहीत? तीन नंबरची केबल माझ्या हातात दिलीत तेव्हा का विचारलं नाहीत? एक प्रश्न, अण्णा, आणि मी पंधरा वर्षं आधी मोकळा झालो असतो.

पहाटे कधीतरी उत्तर सुचलं, आणि ते तुमचंच आहे, म्हणून लिहून टाकतो. तुम्ही विचारलं असतंत तर मी खोटं बोललो असतो. तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं. एकदा तुमच्या तोंडावर खोटं बोललो असतो, तर मग मी तुमच्या खोलीत पाण्याची बाटली गार करायला पुन्हा आलो नसतो.

शेवट सुचला, अण्णा. जमलाय का ते आता तुम्ही सांगणार नाही. हिरा सांगेल. ती जत्रेत पुढच्या ओळीत बसणार आहे.